वाय-फाय वेळेवर सोडायला फोनला शिकवा

माझ्या कामाच्या टेबलापासून बाहेरच्या फाटकापर्यंत ३१ पावलं आहेत. फोनवर बोलत बोलत निघालं की २६व्या पावलाला पलीकडचा माणूस म्हणायचा, "तुमचा आवाज तुटतोय." २८व्याला माझं "हॅलो, हॅलो" सुरू व्हायचं. ३०व्याला कॉल गेलेला असायचा. आणि फाटकात उभं राहून बघावं तर मोबाइलचं नेटवर्क ठणठणीत, सगळ्या काड्या उभ्या! वीस वर्षं मी इमारतींमध्ये वायरलेस नेटवर्क बसवते, लोकांना त्यांच्या घरातले मेलेले कोपरे शोधून देते. स्वतःच्या अंगणात मात्र दिव्याखाली अंधार.

शेवटी एक वही घेतली, भाचीला हाताशी धरलं आणि दोन सुट्ट्या यात घातल्या. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगते. मुख्य उपाय ऐकायला उफराटा वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवते: मी राउटरचा जोर वाढवला नाही, कमी केला.

आधी बघा, कॉल कोणता आहे

"फोन तुटतो" या तक्रारीत तीन वेगवेगळे कॉल लपलेले असतात आणि तिघांची औषधं वेगळी आहेत.

पहिला कॉल तुमच्या नेहमीच्या नंबरवरून, फोनच्या डायलरमधून केलेला, पण वाय-फायवरून जाणारा. याला वाय-फाय कॉलिंग म्हणतात, तांत्रिक लोक व्होवायफाय म्हणतात. हा कॉल चालू असताना ४जीवर, म्हणजे व्होल्टीईवर जाऊ शकतो आणि परतही येऊ शकतो. हे मुळातच तसं बांधलेलं आहे.

दुसरा कॉल ॲपमधला, म्हणजे व्हॉट्सॲप, सिग्नल वगैरे. याच्याशी मोबाइल कंपनीचा काही संबंध नाही. तो इंटरनेटवरचा डेटा आहे आणि नेटवर्क बदललं की जुळवून घेणं हे त्या ॲपचं काम.

तिसरा जुना, २जी किंवा ३जीवरचा साधा कॉल. वाय-फायवर सुरू झालेला कॉल बाहेर पडताना ४जी सापडलं नाही आणि फक्त २जी किंवा ३जी असलं, तर बहुतेक ठिकाणी तो तुटतोच. उलट दिशेनेही तेच: २जीवर सुरू झालेला कॉल घरात आल्यावर वाय-फायवर चढत नाही. तुमच्या दारात ४जीच नसेल तर पुढचा अर्धा लेख तुमच्या कामाचा नाही. त्या माणसाला मी प्रामाणिकपणे सांगते, फाटकापर्यंत बोलत जाऊ नका, बोलणं संपवून मग निघा.

विहीर एक, दोर दोन

वाय-फायवरून केलेला तुमच्या नंबरचा कॉल थेट उघड्या इंटरनेटवर जात नाही. फोन आधी मोबाइल कंपनीच्या एका दारापर्यंत कुलूपबंद बोगदा बांधतो. त्या दाराचं नाव ई-पी-डी-जी. बोगदा आयपीसेक या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीचा असतो, चाव्यांची देवाणघेवाण आयकेईव्ही२ या पद्धतीने होते आणि ओळख सिमकार्डावरूनच पटते. म्हणून वेगळा पासवर्ड लागत नाही. दारातून आत गेलं की तुमचा कॉल कंपनीच्या त्याच यंत्रणेला मिळतो जिथे ४जीवरचा कॉल मिळतो.

पुढची गोष्ट मोलाची. फोनला बोलण्यासाठी जो आयपी पत्ता मिळतो तो कंपनीच्या आतल्या एका गेटवेवर, म्हणजे वेशीवरच्या यंत्रावर, बांधलेला असतो. तुमच्या राउटरवर नाही, टॉवरवरही नाही. फोन वाय-फाय सोडून ४जीवर येतो तेव्हा तो कंपनीला सांगतो, "मी नवा नाही, हस्तांतर करतोय." मग गेटवे त्याला तोच पत्ता परत देतो. पलीकडच्या माणसाच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. विहीर तीच, पोहराही तोच, फक्त दोर बदलला.

वर फोनमध्ये रेडिओ दोन आहेत, एक वाय-फायचा आणि एक मोबाइलचा. एकाच घरातल्या दोन ॲक्सेस पॉइंटमध्ये (वाय-फाय पसरवणाऱ्या पेट्यांमध्ये) उडी मारताना फोनला बहुधा एक हात सोडूनच दुसरा धरावा लागतो, कारण वाय-फायचा रेडिओ सहसा एकाच वेळी एकालाच धरतो. वाय-फायवरून मोबाइलवर जाताना मात्र नवा दोर धरून मग जुना सोडता येतो. म्हणजे हे काम खरं तर जास्त सोपं.

मग तुटतं का? कारण हस्तांतर कसं करायचं हे फोनला येतं, कधी करायचं हे नीट कळत नाही. वाय-फाय मरणपंथाला लागलं तरी फोन त्याला चिकटून बसतो. सोडायचं ठरवतो तेव्हा निरोप द्यायलाही वाय-फाय उरलेलं नसतं.

ही कल्पना नवी नाही, बरं का. २००४ साली यूएमए नावाचं एक तंत्र आलं होतं, पुढच्याच वर्षी ते जीएएन या नावाने मोबाइल मानकांत गेलं. पण त्याला खास फोन लागायचे. आयफोनवर वाय-फाय कॉलिंग २०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर आलं आणि मग हळूहळू बहुतेक फोनमध्ये रुळलं.

सेटिंग तपासा, पण डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

आयफोनवर सेटिंग्ज, मग सेल्युलर किंवा मोबाइल सर्व्हिस, मग वाय-फाय कॉलिंग. सॅमसंगवर सेटिंग्ज, कनेक्शन्स, वाय-फाय कॉलिंग. इतर अँड्रॉइड फोनवर बहुधा नेटवर्क आणि इंटरनेट, मग सिम, मग खाली वाय-फाय कॉलिंग. दोन सिम असतील तर प्रत्येक सिमसाठी वेगळं बटण असतं. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी कित्येक इथेच मिटल्या: एका सिमवर चालू, आणि बाई बोलतात दुसऱ्यावरून. व्होल्टीई किंवा ४जी कॉलिंगचं वेगळं बटण असेल तर तेही चालू हवं. ते बंद असेल तर फोनला पकडायला दुसरा दोरच नाही. काही देशांत वाय-फाय कॉलिंग चालू करताना पत्ता विचारतात, तो आणीबाणीच्या कॉलसाठी असतो. घर बदललं की तोही बदला.

बटण हिरवं दिसलं म्हणजे काम होतंय असं नाही. तीन चाचण्या करा, दहा मिनिटं लागतात.

पहिली: फ्लाइट मोड लावा, मग फक्त वाय-फाय चालू करा. मिनिटभर थांबा आणि कॉल करा. लागला, तर बोगदा बांधला जातोय. नाही लागला, तर अडचण राउटर, फायरवॉल (नेटवर्कची ये-जा अडवणारा पहारेकरी) किंवा कंपनीकडे आहे. हस्तांतराचा विचार नंतर.

दुसरी: फ्लाइट मोड काढा, वाय-फाय बंद करा, कॉल करा आणि बोलताना वरच्या पट्टीकडे लक्ष ठेवा. ४जी किंवा ५जीचं चिन्ह कॉल सुरू होताच ३जी किंवा २जीवर घसरलं, तर तुमचा कॉल व्होल्टीईवर नाही. हस्तांतर होणार नाही.

तिसरी माझी लाडकी. घरात राउटरजवळ बसून वाय-फायवर कॉल सुरू करा आणि बोलत असतानाच हाताने वाय-फाय बंद करा. कॉल टिकला? अर्धा शब्द गिळला जाऊन पुढे चालू राहिला? मग तुमचा फोन, तुमचं सिम आणि कंपनी या तिघांनाही हस्तांतर येतं. हाताने बंद केल्यावर टिकतो आणि चालताना तुटतो, याचा अर्थ एकच. फोन उशिरा निर्णय घेतोय. माझ्या फाटकाचं दुखणं हेच होतं, आणि हे कळल्यावर मी कंपनीला शिव्या घालणं थांबवलं.

एक ते शंभर

आता चालायचं. भाची घरात दुसरा फोन घेऊन बसली, मी माझा फोन कानाला लावून टेबलापासून निघाले. तिला सांगितलं, सेकंदाला एक या गतीने मराठीत आकडे मोज, थांबायचं नाही. मी ऐकत चालायचं आणि जो आकडा तुटला तो कोणत्या पावलाला तुटला हे वहीत लिहायचं. नंतर भूमिका उलट: मी मोजायचं, तिने लिहायचं. दोन्ही दिशा हव्यात, का ते पुढे सांगते.

मराठी आकडे या कामाला फार चांगले. "एकोणऐंशी" किंवा "त्रेचाळीस" लांब असतात, मधलं एक अक्षर गळलं तरी कानाला लगेच कळतं. "सात"सारखा आकडा अर्धा गेला तर मेंदू आपोआप भरून काढतो आणि आपण फसतो. म्हणून मी चाळिशीपासून पुढचे आकडे वापरते. पहिल्या दिवशी दर फेरीत "अडुसष्ट" गायब व्हायचा, नेमका २१व्या पावलाच्या आसपास. तिथे भिंतीत काय आहे हे शोधत मी अर्धा तास घालवला. मग लक्षात आलं, कन्या सदुसष्टवरून थेट एकोणसत्तरवर जातेय. "मावशी, तो येतो होय मध्ये?" असा वर प्रश्न.

वहीत पावलांसमोर सिग्नलही लिहिला. वाय-फायची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा ऋण असतो. उणे ४० म्हणजे राउटरच्या मांडीवर, उणे ९० म्हणजे जवळजवळ काही नाही. प्रत्येक ३ डीबीला ताकद निम्मी होते, १० डीबीला दहावा भाग उरतो. म्हणून उणे ७० आणि उणे ८० यांतला फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही, तो दहापट आहे. अँड्रॉइडवर वाय-फाय मोजणारी कितीतरी मोफत ॲप आहेत. आयफोनवर ॲपलचंच एअरपोर्ट युटिलिटी घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यातलं वाय-फाय स्कॅनर चालू करा. मोबाइलचा सिग्नल अँड्रॉइडवर बहुधा फोनच्या माहितीत सिम स्टेटसमध्ये मिळतो. दोन्ही आकडे प्रत्येक पाचव्या पावलाला लिहा.

माझी वही अशी होती. टेबलाशी वाय-फाय उणे ४६. १० पावलांवर उणे ५८. दारात, १७व्या पावलाला, उणे ६७. २२व्याला उणे ७५. २६व्याला उणे ८१, २८व्याला उणे ८५, आणि ३०व्याला कॉल खलास. मोबाइलचा सिग्नल मात्र दारापासून पुढे उत्तम. म्हणजे १७ ते ३०, तब्बल १३ पावलं, फोनपुढे पंचपक्वान्नाचं ताट वाढलेलं आणि हा पठ्ठ्या शिळा तुकडा चघळत बसलेला.

आवाजासाठी वाय-फायचं नियोजन करताना आम्ही लोक उणे ६७ ही पातळी धरतो. त्याखाली ब्राउझिंग चालतं, कॉल कुरकुरतो. आवाजाचे तुकडे २० मिलिसेकंदांचे असतात, सेकंदाला ५०. व्हिडिओ पाहताना पुढचा भाग आधीच साठवलेला असतो, एखादं पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, उशिरा आलं तर चालतं. बोलण्याला साठा करता येत नाही. उशिरा आलेलं पाकीट म्हणजे न आलेलं.

पहिली तक्रार नेहमी पलीकडून का येते

वही उलटसुलट पाहताना एक गोष्ट दिसली. मी ऐकायची तेव्हा आकडे २८व्या पावलापर्यंत बऱ्यापैकी यायचे. मी मोजायची तेव्हा भाचीच्या कागदावर २४व्या पावलापासूनच भोकं. म्हणजे मला तिचं ऐकू येतंय, तिला माझं नाही.

कारण सोपं आहे. राउटर भिंतीच्या विजेवर चालतो, ऐटीत ओरडतो. फोन बॅटरीवर चालतो, त्याचा आवाज बारीक. कडेला पोचल्यावर फोनला राउटर ऐकू येतो, राउटरला फोन ऐकू येत नाही. आणि फोन सोडायचं की धरायचं हे मुख्यतः आपल्याला काय ऐकू येतंय यावरून ठरवतो. राउटर जितका जोरात ओरडेल तितका फोन जास्त वेळ भ्रमात राहील. काठावर "तुमचा आवाज येत नाहीये" हे वाक्य आधी ऐकू येतं ते यामुळे.

दुकानात गेलात तर जास्त अँटेनाचा, जास्त ताकदीचा राउटर हाती देतील. किंवा एक एक्स्टेंडर, म्हणजे वाय-फाय पुढे ढकलणारी पेटी. दाराशी एक्स्टेंडर लावला तर मृत्यूची जागा फाटकातून रस्त्यावर सरकते, एवढंच. वाय-फायची कड ही कुठेतरी असणारच. ती कुठे असावी आणि किती धारदार असावी, हे ठरवणं आपल्या हातात आहे.

मग मी काय केलं

राउटरच्या सेटिंगच्या पानावर प्रेषणशक्तीचं सेटिंग असतं, बहुधा वायरलेसच्या प्रगत भागात. कुठे टक्के, कुठे हाय-मीडियम-लो, कुठे सरळ डीबीएम. माझ्याकडे २० डीबीएम होतं, म्हणजे १०० मिलिवॉट. ते १४ केलं, म्हणजे २५ मिलिवॉट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने पडतो. उलट वाचलं तर ६ डीबी कमी केल्यावर पल्ला निम्मा. घरात भिंती मध्ये येत असल्याने हिशेब इतका सरळ नसतो, पण दिशा तीच. घरातल्या सगळ्या खोल्या पुन्हा मोजल्या. सर्वात लांबची उणे ६६ आली, म्हणजे काठावर पास. ती उणे ७० आली असती तर मी १७ डीबीएमवर थांबले असते. हे एका दमात करू नका. दोन-तीन डीबी कमी करा, मोजा, मग पुढे.

दुसरं, वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी फोनला ५ गिगाहर्ट्झवर ठेवलं. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून लांब झिरपतं आणि कड मऊ, लांबलचक करून ठेवतं. ५ गिगाहर्ट्झ भिंतीला लवकर हार मानतं. एरवी हा त्याचा दोष, इथे गुण. मी दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली आणि फोनमधून २.४चं नाव विसरायला लावलं. दिवे, प्रिंटर, कॅमेरे वगैरे राहू देत २.४वर.

तिसरं, जुने संथ वेग बंद केले. २.४वर १, २, ५.५ आणि ११ मेगाबिट हे १९९०च्या दशकातले वेग अजून चालू असतात. त्यांच्यावर फोन फार लांबून, कण्हत का होईना, जोडलेला राहतो. हे सेटिंग साध्या राउटरवर नसतं. आणि एखादं फार जुनं यंत्र घरात असेल तर ते रुसेल, त्याची तयारी ठेवा.

चौथा उपाय व्यावसायिक यंत्रांवर मिळतो: किमान सिग्नलची अट. अमुक पातळीखाली गेलेल्या फोनला ॲक्सेस पॉइंट स्वतःच बाहेर काढतो. मी ती उणे ७८वर लावून पाहिली आणि काढून टाकली. धक्का मारून बाहेर काढलेला फोन कधी नीट हस्तांतर करतो, कधी पुन्हा त्याच दारावर थाप मारत बसतो. कॉलच्या मध्यात हा जुगार मला नको. तुम्ही लावलीत तर चालण्याची चाचणी निदान पाचदा करा.

पहिल्या दोन बदलांनंतरच्या फेरीत २०व्या पावलाला वाय-फाय उणे ७८ झालं, २२व्याला फोनने ४जी धरलं. माझ्या मोजणीत "चौऱ्याहत्तर"मधला "हत्तर" गेला. तेवढंच. पलीकडच्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

मोठ्या घरात दोन-तीन ॲक्सेस पॉइंट असतील तर त्यांच्यातली उडीही सांभाळावी लागते. त्यासाठी ८०२.११ आर, के आणि व्ही ही तीन सेटिंग आहेत. के फोनला शेजारच्या पॉइंटची यादी देतं, व्ही "आता तिकडे जा" असं सुचवतं, आर पुन्हा ओळखपाळख करण्याचा वेळ वाचवतं. के आणि व्ही बेधडक चालू करा. आर चालू केल्यावर जुनी यंत्रं जोडली जातायत ना ते पाहा. आयफोन साधारण उणे ७० झाल्यावर दुसरा पॉइंट शोधू लागतो, असं ॲपलचंच म्हणणं आहे; म्हणून दोन पॉइंटच्या क्षेत्रांची गाठ उणे ६७च्या आसपास पडेल असं पाहा.

राउटरने अडवलं असेल तर

पहिल्या चाचणीत नापास झालात, तर इथे या. बोगद्याला यूडीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीचे दोन पोर्ट, म्हणजे क्रमांकाने ओळखली जाणारी दारं, लागतात: ५०० आणि ४५००. घरच्या राउटरवर आतून बाहेर जाणारे हे मार्ग सहसा मोकळे असतात. कार्यालय, वसतिगृह, रुग्णालय इथे फायरवॉल ते बंद ठेवतं आणि मग वाय-फाय असूनही वाय-फाय कॉलिंगचं चिन्ह येत नाही. तिथल्या माणसाला "वाय-फाय कॉलिंग चालत नाही" असं सांगून काही होत नाही, "यूडीपी ५०० आणि ४५०० बाहेर जाऊ द्या" म्हटलं की काम होतं. आयपीसेक पासथ्रू नावाचं बटण असेल तर ते चालू ठेवा.

बोगदा बांधला जातो पण घरी बसल्याबसल्याच आवाज फाटतो, तर हस्तांतराला दोष देऊ नका. घरात कुणाचे फोटो वर चढतायत का बघा. अपलोडची रांग राउटरमध्ये तुंबते आणि आवाजाची छोटी पाकिटं त्या रांगेत मागे अडकतात. ४जीवर आवाजाला राखीव मार्गिका असते, वाय-फायवर आणि त्यामागच्या इंटरनेटवर तशी हमी कुणी देत नाही. राउटरमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक या रांग तुंबू न देणाऱ्या सेटिंगपैकी काही दिसलं तर चालू करा आणि वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवा. डब्ल्यूएमएम बंद केलं असेल तर परत चालू करा; वाय-फायवर आवाजाला पुढे काढणारं तेच आहे.

ॲपवरचे कॉल आणि बाकीचा डेटा

इथे विहिरीची सोय नाही. वाय-फाय सोडलं की तुमचा इंटरनेटवरचा पत्ताच बदलतो. टीसीपी या जुन्या पद्धतीत जोडणीची ओळख चार गोष्टींवरून ठरते: दोन पत्ते, दोन पोर्ट. त्यातला एक बदलला की जोडणी मेली. ॲप मग नव्याने जोडतं. मेल, बातम्या, नकाशे यांत हे कळतही नाही. मोठी फाइल चढवताना, बँकेचा व्यवहार मध्यात असताना, किंवा ॲपवर बोलताना कळतं.

यावर दोन तोडगे निघाले. एक मल्टिपाथ टीसीपी: एकच जोडणी दोन वाटांनी. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७मध्ये सिरीसाठी ती वापरली. दुसरा क्विक (QUIC) ही नवी पद्धत, २०२१ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेला. त्यात जोडणीला स्वतःचा ओळखक्रमांक असतो, पत्ता बदलला तरी क्रमांकावरून समोरचा सर्व्हर ओळखतो. हे तुम्हाला चालू-बंद करता येत नाही, ॲप बनवणाऱ्याने केलेलं असलं तर असतं.

आपल्या हातात आहे ते एवढं. आयफोनवर सेल्युलरच्या पानावर अगदी तळाला वाय-फाय असिस्ट आहे. वाय-फाय मरगळलं की तो मोबाइल डेटा वापरतो. सॅमसंगवर इंटेलिजंट वाय-फायमध्ये मोबाइल डेटावर जाण्याचं बटण आहे. इतर अँड्रॉइडवर डेव्हलपर पर्यायांत "मोबाइल डेटा कायम सक्रिय" असं काहीसं सापडेल. ते चालू असलं की दुसरा दोर आधीच हातात असतो. डेटा मोजूनमापून वापरावा लागत असेल तर या सगळ्यावर नजर ठेवा. आणि मोबाइल डेटा पूर्ण बंद ठेवून वाय-फायवर ॲपचा कॉल करत बाहेर पडणाऱ्याला मी काय सांगणार? त्याने दुसरा दोर स्वतःच कापला आहे.

कामासाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा आपला कुलूपबंद बोगदा, वापरत असाल तर वायरगार्ड किंवा मोबाइक असलेला आयकेईव्ही२ निवडा. दोघेही पत्ता बदलला तरी बोगदा न मोडता पुढे नेतात. व्हीपीएन टिकला तर त्याच्या आतल्या जोडण्याही टिकतात, त्यांना बाहेरचा बदल कळतच नाही. मी दूरच्या राउटरवर काम करताना वायरगार्ड लावते आणि ही सोय मला खरोखर आवडते.

आत येताना

बाहेरून बोलत घरात शिरताना सहसा त्रास होत नाही, कारण ४जी हळूहळू मावळतं. त्रास काठावर बसणाऱ्यांना होतो. गॅलरीत, जिन्याच्या वळणावर, वाय-फाय अर्धमेलं आणि मोबाइलही बेताचा, अशा जागी फोन झोके घेत राहतो, इकडे-तिकडे, आणि प्रत्येक झोक्याला एक अक्षर जातं. तिथे बसूनच बोलायचं असेल तर वाय-फाय कॉलिंगच्या पानावर "मोबाइल नेटवर्कला प्राधान्य" हा पर्याय दिसला तर निवडा. नसेल तर सरळ वाय-फाय बंद करा.

अनोळखी ठिकाणची, लॉगिनचं पान उघडणारी वाय-फाय नावं फोनमधून विसरायला लावा. चालता चालता फोन त्यांना धरतो, पुढे इंटरनेट नसतं, आणि मधल्या काही सेकंदांत डेटा अडकून बसतो.

लिफ्टला मात्र औषध नाही. धातूची पेटी, दार मिटलं की दोन्ही रेडिओ बहिरे. हस्तांतर करायला दुसरीकडे काहीतरी असावं लागतं.

तक्रार करायचीच असेल तर

तिसऱ्या चाचणीतही कॉल तुटला, आणि दुसरी चाचणी मात्र पास झाली, तर चेंडू कंपनीकडे आहे. ग्राहकसेवेला "कॉल ड्रॉप होतो" एवढंच सांगितलंत तर ते फोन बंद करून चालू करायला सांगतील. हे लिहून ठेवा आणि वाचून दाखवा: फोनचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती, कॉल तुटल्याची तारीख आणि मिनिटासकट वेळ, निदान तीन वेळा, फ्लाइट मोडमध्ये वाय-फायवर कॉल लागतो, फक्त मोबाइलवर व्होल्टीईवर कॉल लागतो, वाय-फायवरून व्होल्टीईवर जाताना तुटतो, तिथला मोबाइल सिग्नल किती डीबीएम. शक्य असेल तर तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तिसरी चाचणी करा आणि निकाल त्याखाली लिहा. दुसऱ्या फोनमध्ये टिकला, तर कंपनीला फोन करण्याआधी आपल्या फोनचं अपडेट बघा.